व्याख्यानांच्या वेव्ह फायली लहान करताना: आठ किलोहर्ट्झचा मोह आणि मूळ आवाज

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या ९६ कॅसेट तुम्ही वर्षभर खपून संगणकावर उतरवल्या. प्रत्येक कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे ४५ मिनिटांच्या एकूण १९२ वेव्ह फायली. त्यांनी ९० जीबीच्या वर जागा व्यापली आहे, संगणक भरत आलाय आणि सभासद ‘फोनवर ऐकायला द्या’ म्हणून मागे लागलेत. कुणीतरी सुचवलं की सगळं ८ किलोहर्ट्झ स्पीक्समध्ये (बोलणं लहान करून साठवण्याचा एक फॉरमॅट) आणा आणि वेव्ह उडवून टाका, बोलणंच तर आहे! हे करावं का, आणि करायचं तर कोणत्या सेटिंगवर, हा तुमचा प्रश्न.

सल्ल्याच्या शेवटच्या भागाबद्दल आधी बोलते. वेव्ह उडवू नका. एकही नाही. टेपवरचा आवाज दर वर्षी थोडा थोडा विरत असतो, आणि कॅसेट नीट वाजवणारे चांगले डेक आता दुरुस्तीलाही कुणी घेत नाही. तुम्ही उतरवून घेतलेली वेव्ह फाइल हीच यापुढे त्या व्याख्यानाची मूळ प्रत आहे. लहान केलेली फाइल ही ऐकणाऱ्याच्या सोयीची प्रत. ती बिघडली, हरवली, पाच वर्षांनी फॉरमॅट जुना झाला, तर मूळ प्रतीवरून पुन्हा बनवता येते. उलट दिशेने येता येत नाही. स्पीक्ससारखं, आवाज इतका लहान करणारं प्रत्येक तंत्र आवाजातलं काहीतरी कायमचं टाकून देतं, आणि टाकलेलं कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

जागेचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळ्या मार्गाने सुटतो. वेव्हऐवजी फ्लॅक करा. फ्लॅकमध्ये आवाजाचा एकही नमुना (म्हणजे लाटेचं एकेक मोजमाप) बदलत नाही, फक्त बांधणी घट्ट होते, आणि हवं तेव्हा तीच वेव्ह बिट न् बिट परत मिळते. कॅसेटच्या आवाजात सूं असा टेपचा आवाज बराच असतो, त्यामुळे फार जागा वाचेल असं समजू नका. माझ्या अनुभवात मूळच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत आकार उरतो. म्हणजे तुमचं ९१ जीबी साधारण पन्नासवर येईल. फ्लॅकच्या फाइलमध्ये मूळ आवाजाची खूणगाठही (पडताळणीचा आकडा) लिहिलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे का हे संगणकच तपासून सांगतो. अशा दोन प्रती करा: एक वाचनालयात, दुसरी वेगळ्या इमारतीत कुणाच्या तरी घरी. हे झाल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका, ही माझी विनंती आहे.

आता लहान करण्याबद्दल. तुमच्या फायलींत सेकंदाला ४४,१०० नमुने आहेत, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि चॅनेल दोन. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, तासाला सुमारे ६३५ एमबी. संगीताच्या सीडीवरही हाच हिशेब असतो. एका माणसाने ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून केलेल्या भाषणाला इतके बिट लागत नाहीत, हे तुमच्या सल्लागाराचं म्हणणं बरोबर आहे. चूक आहे ती किती कमी करायचे याच्या अंदाजात.

बोलण्यासाठी वेगळे फॉरमॅट का असतात हे समजून घेतलं की सेटिंग पाठ करावी लागत नाही. आपण बोलतो तेव्हा स्वरतंतू कंप पावतात आणि त्यांचा नाद घसा, तोंड, जीभ, ओठ यांनी बनलेल्या नळीतून बाहेर पडतो. नळीचा आकार बदलला की ‘आ’चा ‘ई’ होतो. हा आकार सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फारसा बदलत नाही. म्हणून एकेक नमुना पाठवण्याऐवजी दर वीस मिलिसेकंदांना ‘नळीचा आकार असा, नादाची उंची इतकी, आणि उरलेला फरक साधारण असा’ एवढंच लिहून ठेवलं तरी पलीकडे आवाज पुन्हा उभा करता येतो. या विचाराला व्यवहारात आणणाऱ्यांत कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल अग्रणी होते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी आणि मान्फ्रेड श्रोडर यांनी १९८५ मध्ये मांडलेली सेल्प ही पद्धत पुढे बहुतेक मोबाइल फोनांच्या आवाजाचा पाया ठरली. त्या वेळी क्रे-१ या महासंगणकाला एका सेकंदाचं बोलणं लहान करायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत असे. आज वाचनालयाचा साधा संगणक ४५ मिनिटांची फाइल एका मिनिटाच्या आत करून देतो.

या पद्धतीची मर्यादा तिच्या गृहीतकातच आहे. समोर एकच माणूस बोलतोय असं ती धरून चालते. दोन माणसं एकदम बोलली, टाळ्या पडल्या, पेटी वाजली, की हिशेब चुकतो आणि आवाज घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा होतो. व्याख्यानमालेत टाळ्या आहेत, हशा आहे, सुरुवातीचं स्वागतगीत आहे, आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे दर वर्षी शेवटच्या दिवशी कीर्तन आहे. कीर्तनात तर बुवा एका वाक्यात बोलतात आणि पुढच्या वाक्यात गातात.

स्पीक्स वाईट नाही. २००३ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली तेव्हा बोलण्यासाठी मुक्त आणि परवान्याचे पैसे न लागणारं असं दुसरं चांगलं साधन जवळजवळ नव्हतं. मीही त्यात पुष्कळ काम केलंय. पण तो निव्वळ बोलण्यासाठीच बनवलेला आहे, आणि ज्यांनी तो बनवला त्या झिफ संस्थेनेच पुढे ‘आता ओपस वापरा’ असं सांगून तो मागे ठेवला. ओपसचं मानक सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या पोटात दोन यंत्रं आहेत: स्काइपकडून आलेलं सिल्क, जे बोलणं जाणतं, आणि झिफचं सेल्ट, जे संगीत जाणतं. आवाज कसा आहे ते ओळखून ओपस एकाकडून दुसऱ्याकडे वळतो, किंवा खालचा भाग एकाला आणि वरचा दुसऱ्याला देतो. कीर्तनासाठी ही गोष्ट किती मोलाची आहे, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या फोनवर येणारे व्हॉट्सॲपचे आवाजी निरोपही ओपसमध्येच असतात.

आता ‘८ किलोहर्ट्झ’बद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ४,००० हर्ट्झच्या वरचा कोणताही आवाज टिकत नाही. निम्मा हा नियम आहे. जुन्या टेलिफोनची पट्टी तर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच होती. स्वर, ‘म’, ‘न’, ‘ल’ हे सगळे त्यात ठीक बसतात, म्हणून बोलणं ‘कळतं’. पण ‘स’चा बहुतेक जीव ४,००० हर्ट्झच्या वर असतो. ‘श’ थोडा खाली असतो, त्यामुळे तो निम्माशिम्मा वाचतो. फोनवर आडनाव सांगताना ‘स, सशातला स’ असं म्हणावं लागतं ते यामुळे. ‘साप’ आणि ‘शाप’ यांतला फरक कान संदर्भावरून भरून काढतो. ‘चहा’तला च आणि ‘चांगला’तला च, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे मराठीचे खास भेदही वरच्या भागातल्या घर्षणावर बरेच अवलंबून आहेत. रोजच्या गप्पांत हे चालून जातं. व्याख्यानात विशेषनामं असतात, संस्कृत श्लोक असतात, कवितेच्या ओळी असतात. तिथे संदर्भ मदतीला येत नाही. आणि वयस्कर श्रोत्याचा कान आधीच वरचा भाग कमी ऐकतो. त्याच्यासाठी आपण उरलेलाही कापावा, हे मला पटत नाही.

म्हणून माझं उत्तर: ओपस, मोनो (एकच चॅनेल), भाषणांना सेकंदाला २४ किलोबिट, कीर्तन आणि गाणं असलेल्या फायलींना ४८ किलोबिट. सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला किती नमुने याला, हातही लावू नका. ओपस आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतो आणि ४४.१ची फाइल स्वतःच नीट बदलून घेतो. आवाजाची पट्टी किंवा वेग बदलत नाही. दिलेल्या बिटरेटमध्ये किती वरपर्यंतचा आवाज ठेवायचा हेही तो स्वतः ठरवतो आणि ते माझ्या-तुमच्यापेक्षा बरं ठरवतो. २४ किलोबिटला तासाची फाइल १०.८ एमबी होते, तुमची ४५ मिनिटांची बाजू ८.१ एमबी, आणि सगळी १४४ तासांची व्याख्यानं साधारण दीड जीबीत मावतात. १६ किलोबिटलाही बोलणं कळतं, पण टेपच्या सूं आवाजाबरोबर ते थकवतं. दहा मिनिटं ऐकून माणूस बंद करतो. ३२ हवं असेल तर आनंदाने घ्या, एकूण आकार दोन जीबीच्या आसपास जाईल.

आकार पाहिल्यावर मोह होईल की आता लगेच सगळ्या १९२ फायली यंत्राला द्याव्यात. थांबा. मोनो करण्याआधी एक गोष्ट बघायलाच हवी.

कॅसेट मोनोत रेकॉर्ड झालेली असली तरी तुम्ही ती स्टिरिओ डेकवर वाजवली, त्यामुळे डाव्या आणि उजव्या चॅनेलवर तोच आवाज दोनदा आला. दोन्ही मिळवून मोनो करणं हा सरळ मार्ग वाटतो. पण डेकचं हेड टेपला अगदी काटकोनात नसेल तर एक चॅनेल दुसऱ्याच्या किंचित मागे पडतो. हा फरक इतका सूक्ष्म असतो की कानाला उशीर जाणवत नाही. मात्र दोन्ही मिळवले की वरचे सूर एकमेकांना खातात आणि वक्ता तोंडावर रुमाल धरून बोलतोय असं वाटतं. म्हणून मिळवू नका, निवडा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो करा, एकेक ऐका. ज्यात ‘स’ स्वच्छ आणि खरखर कमी, तो ठेवा. एका कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा निर्णय वेगळा असू शकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं काम करताना अकरा कॅसेट उतरवल्या, आणि केबलमध्ये एका चॅनेलच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. हेडफोनवर आवाज थोडा पसरट वाटला, पण दोन्ही कानांत बोलणं होतं, म्हणून मी पुढे गेले. रात्रभर सगळ्या फायली मोनो करायला लावल्या. सकाळी ऐकलं तर वक्ते गायब. दोन उलट लाटांनी एकमेकींना पुसून टाकलं होतं. फक्त टेपचा सूं आवाज आणि त्यामागे कुठेतरी पुटपुटल्यासारखं काही उरलं होतं. मूळ स्टिरिओ फायली ठेवलेल्या होत्या म्हणून एका चॅनेलवरून सगळं परत करता आलं. त्या दिवसापासून पहिली फाइल मोनो करून पूर्ण ऐकल्याशिवाय मी दुसरीला हात लावत नाही.

आणखी एक तपासणी: तुमच्या सगळ्या वेव्ह खरंच न दाबलेल्या आहेत का? वेव्ह हा डबा आहे. आत काय भरलंय ते डब्याच्या नावावरून कळत नाही. जुन्या रेकॉर्डिंग यंत्रांतून आलेल्या काही वेव्हमध्ये आत १३ किलोबिटचा जीएसएम (जुन्या मोबाइल फोनांच्या पद्धतीचा) आवाज असतो. ओळखणं सोपं आहे: तासाची वेव्ह शेकडो एमबींऐवजी सहा एमबीच्या आसपास असेल तर ती आधीच दाबलेली आहे. दुसरा फसवा प्रकार म्हणजे कुणीतरी एमपी३वरून परत केलेली वेव्ह. आकार पूर्ण असतो, पण ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या उंचीचे सूर आहेत ते दाखवणारं चित्र) लावला की वरचा भाग एखाद्या सरळ रेषेवर, बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास, कापल्यासारखा दिसतो. टेपचा सूं आवाज असा रेघ मारून संपत नाही. अशी फाइल सापडली आणि तिची कॅसेट हाताशी असेल तर पुन्हा उतरवून घ्या. दोनदा दाबलेल्या आवाजात पहिल्या दाबण्याच्या चुका दुसरा एन्कोडर (आवाज दाबणारं सॉफ्टवेअर) खरा आवाज समजून जपायला बघतो आणि बोलण्याच्या वाटणीचे बिट त्यावर खर्च करतो.

साफसफाई किती करावी? कमी, आणि ती फक्त ऐकण्याच्या प्रतीवर. ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. तिथे मंचावरच्या पावलांचा धबधब, टेबलाला लागलेले धक्के आणि पंख्याची गुरगुर असते, बोलणं नसतं. विजेची घुं असेल तर आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतली, म्हणजे १००, १५० अशी. १०० हर्ट्झला पुरुषांच्या आवाजाचा पायाच असतो, तिथे खोल काप घेऊ नका. टेपचा सूं आवाज कमी करण्याचं साधन वापरायचं तर सहा डेसिबलपर्यंत. जास्त ओढलं की चिवचिवाटासारखे तुकडे उरतात, आणि ओपस ते आणखी ठळक करतो. थोडा सूं आवाज राहू द्या. श्रोत्याला तो दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो. चिवचिवाट शेवटपर्यंत टोचतो.

आवाजाची पातळी मात्र जरूर सारखी करा. १९८०च्या दशकातलं एखादं भाषण हळू आणि पुढचं एकदम कानठळ्या बसवणारं, असं झालं की फोनवर ऐकणारा वैतागतो. ऑडॅसिटीत लाउडनेस सारखा करण्याची सोय आहे. उणे १८ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) फोनसाठी चांगलं. त्यानंतर लिमिटर लावून सर्वांत उंच टोक उणे दोन डेसिबलच्या खाली ठेवा. दाबलेला आवाज परत उलगडताना लाटेची टोकं मूळपेक्षा थोडी वर जाऊ शकतात. जागा न ठेवल्यास ‘प’, ‘ब’वर फुटतात. इथे शब्दांचा एक घोटाळा टाळा. ऑडॅसिटीतला ‘कम्प्रेसर’ फाइल लहान करत नाही. तो मोठा-लहान आवाज जवळ आणतो. त्याचा आणि फाइलच्या आकाराचा काही संबंध नाही.

एका कॅसेटच्या दोन बाजूंवर एकच भाषण असेल तर त्या जोडून एक फाइल करा, पण ओपस करण्यापूर्वी. तयार ओपस फायली नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या तर काही फोन एकूण वेळ चुकीची दाखवतात आणि मधूनच पुढे उडी मारता येत नाही. जोडताना बाजू पालटल्याची पोकळी पूर्ण मिटवू नका, सेकंदभर राहू द्या. टेप पालटेपर्यंत वक्ता बोलतच होता, चार-दोन वाक्यं कायमची गेली आहेत. पोकळी मिटवली तर श्रोत्याला वाटेल की वक्त्यानेच असं तुटक वाक्य बोललं.

प्रत्यक्ष बदलायला विंडोजवर फूबार२००० सोपं आहे. निवडलेल्या चॅनेलच्या, पातळी सारखी केलेल्या फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, सगळ्या एकदम फूबारमध्ये ओढा, कन्व्हर्टमध्ये ओपस निवडा, बिटरेट द्या, आणि निकालाचं फोल्डर वेगळं ठेवा. एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचं साधन) येत असेल तर लिबओपस एन्कोडर, एक चॅनेल, बिटरेट २४ किलोबिट आणि ॲप्लिकेशन ‘ऑडिओ’. इथे नावावर जाऊन ‘व्हीओआयपी’ निवडण्याची चूक बरेच जण करतात. ती निवड बोलण्यासाठीच आहे हे खरं, पण ती फोनवरच्या संभाषणासाठी आहे: आवाज उठून दिसावा म्हणून ती त्याच्या घडणीत जाणून बदल करते. आपल्याला वक्त्याचा आवाज जसा होता तसा हवा. बिटरेट बदलता म्हणजे व्हीबीआर राहू द्या; एन्कोडर गप्प जागी बिट वाचवतो आणि अवघड जागी घालतो.

शांततेत आवाज पाठवणं थांबवणारी एक सोय बोलण्याच्या फॉरमॅटमध्ये असते, डीटीएक्स नावाची. स्पीक्समध्ये आहे, ओपसमध्येही आहे. ती बंदच असू द्या. फोनच्या कॉलमध्ये ती उपयोगी, कारण गप्प माणसाचे बिट वाचतात. व्याख्यानातली शांतता वेगळी असते. वक्ता एखादं वाक्य टाकून थांबतो, सभागृहात क्षणभर कुणी हलत नाही, मग मागून हशा येतो. डीटीएक्स लावला की त्या जागी कृत्रिम सपाट कुजबुज भरली जाते आणि हशाचा पहिला तुकडा कापला जातो. चांगल्या वक्त्याचं अर्धं कौशल्य त्या थांबण्यात आहे.

सगळं एकदम करण्याआधी चार तुकडे निवडा, प्रत्येकी एक मिनिट. सोपे नकोत, सर्वांत अवघड: ध्वनिक्षेपकाच्या फार जवळ बोलणाऱ्या आणि ‘स’, ‘श’ ठसठशीत उच्चारणाऱ्या बाईंचा, मंगल कार्यालयात घुमणारा, लांबून आलेला एखादा, टाळ्यांनी संपणारा, आणि टाळ-मृदंग-पेटीच्या साथीने रंगलेल्या कीर्तनाचा. हे चारही १६, २४, ३२ आणि ४८ किलोबिटवर करा. घरातल्या कुणाला तरी फायलींची नावं बदलून द्यायला सांगा, म्हणजे कोणती कोणती हे तुम्हाला माहीत नसेल. मग ज्यावर सभासद ऐकणार त्याच साधनावर ऐका: फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर आणि साध्या इअरफोनवर. महागड्या हेडफोनवर घेतलेला निर्णय इथे उपयोगाचा नाही. शक्य असेल तर त्या वक्त्यांना समोर बसून ऐकलेल्या एखाद्या जुन्या सभासदाला बोलवा. ‘हा त्यांचाच आवाज’ असं ते पटकन म्हणाले की तो बिटरेट पुरेसा. ओळखायला क्षणभर थांबले तर एक पायरी वर जा. माझे आकडे तुमच्या कानांपुढे मोठे नाहीत.

ओपस सगळीकडे चालेल का? अँड्रॉइडवर आवृत्ती ५पासून तो वाजतो. फाइलच्या शेवटचं नाव ‘ओपस’ असलं की काही फोन ती ओळखत नाहीत. तेच नाव ‘ओजीजी’ केलं की बहुतेक वेळा वाजते, आत तेच आहे. जुन्या आयफोनवर अडचण येते, त्यांच्यासाठी एएसी प्रत करा. आणि तुमच्या सभासदांत पेनड्राइव्ह लावून ऐकायचे छोटे स्पीकर वापरणारे बरेच ज्येष्ठ असतील. कीर्तन-अभंग ऐकायला घराघरांत असतात ते. त्यांना ओपसही कळत नाही आणि स्पीक्सही, एमपी३ कळतो. त्यांच्यासाठी ६४ किलोबिट मोनो एमपी३ करा, तासाला २९ एमबीच्या आत. एमपी३ बोलण्यासाठी बनलेला नाही, म्हणून तेवढ्याच स्पष्टतेला जास्त बिट मागतो, पण ज्याच्या हातात वाजतो त्याच्यासाठी तोच योग्य. मात्र ही प्रत ओपसवरून करू नका. प्रत्येक प्रत निवडून-साफ केलेल्या, न दाबलेल्या फाइलवरूनच निघाली पाहिजे.

फायलींना नावं आकड्यांत द्या: वर्ष, व्याख्यानाचा क्रमांक, बाजू. छोट्या स्पीकरना देवनागरी नावं दाखवता येत नाहीत, पण क्रम आकड्यांनी नीट लागतो. वक्त्याचं नाव, विषय, तारीख, अध्यक्ष कोण होते, हे सगळं फाइलच्या आतल्या माहितीत देवनागरीत लिहा. ओपस आणि फ्लॅक दोन्हींत ते व्यवस्थित राहतं. कॅसेटच्या कागदी वेष्टनावर पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी असतील तर त्यांचे फोटो मूळ प्रतीच्या फोल्डरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. आणि भाषणाचा हक्क भाषण करणाऱ्याचा असतो, त्यामुळे वाटण्याआधी वक्त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. बहुतेक घरांतून होकार तर येतोच, वर ‘आमच्याकडे पण एक कॅसेट आहे’ असंही येतं.

सगळ्या तयार फायली पूर्ण ऐकणं म्हणजे १४४ तास. ते शक्य नाही, पण दोन गोष्टी करा. मूळ आणि तयार फाइलची लांबी सेकंदापर्यंत जुळते का ते पहा; मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली तर अर्धवट फाइल निमूटपणे तयार झालेली असते. आणि प्रत्येक फाइलची सुरुवात, मध्य, शेवट अर्धा-अर्धा मिनिट ऐका. तीन सभासदांत वाटून घेतलं तर दोन रविवारांत होतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की चार फायलींत वक्त्याचा आवाज पहिल्यापासून दबलेला, कापूस घातल्यासारखा आहे, आणि त्या लहान केल्यावर सुधारतील का. नाही. ते हेडच्या कोनाचं लक्षण दिसतंय आणि त्याचा इलाज टेपपाशीच आहे. त्या चार कॅसेट पुन्हा काढा, डेकच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू आवाज ऐकत ऐकत अगदी किंचित फिरवा. ‘स’ सर्वांत स्वच्छ होईल तिथे थांबा आणि नव्याने उतरवून घ्या. त्या होईपर्यंत त्यांची ओपस प्रत करू नका. बाकीच्या १८८ फायलींचं काम मात्र फ्लॅकच्या दोन प्रती झाल्या की लगेच सुरू करा.